शनिवारची खोली

माझ्या मोठ्या बहिणीच्या दप्तरात आमच्या घरी पुढे बरीच वर्षं तुरीचं बी राहिलं. दप्तर चांगलं होतं, खाकी कापडाचं, दोन खिशांचं. ती शाळेत जायची थांबली तेव्हा ते कुठे उसवलंसुद्धा नव्हतं. उंदरांपासून बी वाचवायचं म्हणून आईने ते आढ्याला टांगलं. मी अभ्यासाला बसले की ते बरोबर डोक्यावर असायचं.

रिठदहून वाशीमकडे येताना रस्त्याला लागून आमचं गाव. वडील सालदार होते. पाडव्याला एका शेतकऱ्याच्या घरी लागायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत दिवस असो की रात्र, काम त्या घराचंच. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला, पिकाच्या सोंगणीला जायची. घर एका खोलीचं, वर टिन. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नसे, म्हणून आम्ही विहाराच्या ओट्यावर जाऊन पडायचो. ज्या दिवशी भाजी असेल त्या दिवशी आई सकाळीच सांगून ठेवायची, म्हणजे आम्ही वेळेवर घरी यावं.

बहीण आठवीत असताना शहाणी झाली. मुलीला पाळी आली की आमच्याकडे तसंच म्हणतात. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या घरातून देव गेले, उपासतापास गेले, पण ओटी राहिली. बहिणीला पाटावर बसवलं, नवा ड्रेस घातला, ओटीत तांदूळ, खोबरं, गूळ टाकला. बायांनी गाणी म्हटली. गूळ खायला मिळाला म्हणून मी खुश होते. दाराशी एक अनोळखी बाई बसली होती. ती बहिणीचे दात पाहत होती, केस पाहत होती, टाचा पाहत होती. सोंगणी संपता संपता ती बहिणीची सासू झाली.

ओटी म्हणजे गावाला आणि सोयऱ्यांना दिलेली खबर होती, हे मला फार उशिरा कळलं. आईला त्याच दिवशी कळलं असावं. बहिणीचं पहिलं बाळंतपण तिचं अंग भरायच्या आत झालं आणि तिशी गाठायच्या आत तिची गर्भपिशवी काढली. ती आहे, हसते, नातवंडांची स्वप्नं पाहते. पण उठताना आधी जमिनीवर हात टेकते.

मला पाळी आली सातवीत. आई चुलीपुढे होती. मी सांगितल्यावर तिने आधी दार लोटून घेतलं.

"कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाही."

"मंग सांगूही नोको. तुवं जे हाये ते आतापासून माह्यं."

आणि तसंच झालं. माझे पाळीचे कपडे ती धुवायची, गोधडीच्या आडोशाला स्वतःच्या परकराखाली वाळवायची. हातपंपावर शेजारणीच्या डोळ्यांतून ते सुटलं नाही.

"काहून व, तुले महिन्यातून दोनदा येते का?"

"अशक्तपणा हाये बाई. अंगात रक्तच नाही राह्यलं."

"आन पोट्टी तं अजून तशीच. वाढून नाही राह्यली."

"बापावर गेली. त्यालेही मिशा लगनानंतर आल्या."

हसण्यात विषय निघून जायचा. नर्सबाईंनी आईच्या अशक्तपणासाठी लाल गोळ्या दिल्या, त्या आई मला चारायची. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मधूनमधून स्थळाचं काढायचे. "शहाणी तं होऊ द्या, भासरे," एवढंच ती पदराआडून म्हणायची. दहावीच्या निकालापर्यंत मी अशी लेकरूच राहिले. शाळेत मुलींमध्ये पहिली आले. तेव्हा तिने वडिलांना सगळं सांगून टाकलं आणि त्याच दमात म्हणाली, "आता हे पोरगी शिकाले वाशीमले जाईन."

वाशीमच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली, वस्तीतलीही पहिली. हे मी दबक्या आवाजात सांगत नाही. नेहमी मोठ्यानेच सांगते.

गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक कमी होते. पाचवी ते आठवीला विज्ञान शिकवायला मला मानधनावर घेतलं. मानधनावर म्हणजे आज आहे, उद्याचं शाळा समितीच्या मनावर. समितीचे अध्यक्ष त्याच घरचे, जिथे वडील सालाने होते. फाटकाच्या आत ते मला 'मॅडम' म्हणायचे, बाहेर 'पोरी'. माणूस वाईट नव्हता. शाळेला नळ त्यांनीच मागे लागून आणला होता.

त्या वर्षी टीव्हीवर शाळेत लैंगिक शिक्षण द्यावं की नको याची भांडणं लागली. आपापल्या चौकोनात बसलेली मुंबईची माणसं एकमेकांवर ओरडायची. हे शिकवत नाही म्हणून मुलं बिघडली, असं एकाचं म्हणणं. शिकवलं तर बिघडतील, असं दुसऱ्याचं. आमच्या गावात ते भांडण मोबाइलवरून उतरलं. शाळेच्या पुस्तकातली म्हणून काही भलतीच चित्रं फिरली. ती आमच्या पुस्तकात नव्हती, पण पाठवणाऱ्यांपैकी कोणी पुस्तक उघडलं नव्हतं. मी शाळेत जाताना पानटपरीवरचं बोलणं बंद व्हायचं आणि मी पुढे गेले की हसणं सुरू व्हायचं.

आमच्या पुस्तकात होता तो साधा धडा, मुलामुलींच्या वाढीचा. मी शिकत होते तेव्हा सरांनी त्या पानांना टाचण्या मारायला लावल्या होत्या. आता वरून सूचना आली होती की धडा वर्गात नीट शिकवावा. मी शिकवणार होते. तसं मी शाळेत सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

सातवीत एक मुलगी होती. आई नव्हती, बाप ट्रकवर, ती काका-काकूंकडे राहायची. गणितात अशी की फळ्यावर माझं चुकलं तर बोट वर करायची नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहायची, मी दुरुस्त करेपर्यंत. दिवाळीनंतर ती भिंतीला पाठ लावून उभी राहू लागली. प्रार्थनेला, खेळाच्या तासाला, पाणी प्यायच्या रांगेतसुद्धा. खिचडी शिजते त्या खोलीमागे मी तिला नेलं.

"मॅडम, मले कॅन्सर झाला," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोनी नाही. रक्त जाते. टीव्हीत दाखवते तसं."

मी तिला सगळं समजावलं. तिचा चेहरा सैल झाला आणि लगेच पुन्हा आवळला.

"म्हंजे मी शहाणी झाली?"

"हो."

"काकूले नोका सांगू, मॅडम. त्यायनं त्या मानसाले सांगून ठेवलं, शहाणी झाली का ओटीलेच या म्हणून."

तो माणूस मला माहीत होता. काकूच्या माहेरचा, पोहरादेवीच्या बाजूचा. मोटरसायकलवर यायचा, भाच्यासाठी मुलगी पाहत होता. टपरीपुढे गाडी आडवी लावून तिच्यावर तिरपा बसायचा आणि शाळा सुटेपर्यंत सुपारी चघळत राहायचा. कोणाला काही बोलायचा नाही.

"कोणालाच सांगू नको," मी तिला म्हणाले. सगळं उघड शिकवा म्हणून भांडणारी मी, आणि खिचडीच्या खोलीमागे मी तिला शिकवलं ते गप्प राहायलाच.

पालकसभा भरली ती या धड्यावरून. तालुक्याहून एक पुढारी आले. पुढच्या निवडणुकीला उभे राहणार हे सगळ्यांना माहीत होतं. ते गोड बोलले.

"लेकरायच्या मनात जे नाही ते शाळेनं घालू नये. गायीच्या वासराले हे कोन शिकवते?"

"वासराचं लगनही कोनी लावून देत नाही, भाऊ," मागून कोणीतरी म्हणालं. थोडं हसू पसरलं, पुढाऱ्यांनी ते जाऊ दिलं.

मग अध्यक्ष उठले. "मलेही पोरगी हाये, पाचवीत. तिनं घरी येऊन मले एखादी गोष्ट विचारली तं मी बाप म्हणून काय सांगू? मॅडम शिकलेल्या हायेत. आमी नाही. आमाले लाज वाटते, हे खरं हाये."

ते खोटं बोलत नव्हते. "तुम्हाला सांगावं लागू नये म्हणूनच मी सांगते," मी म्हणाले. बराच वेळ हो-नाही झालं. शेवटी अध्यक्षांनीच मधला रस्ता काढला. ज्या मुली शहाण्या झाल्या तेवढ्यांनाच शिकवावं. शनिवारी, शाळा सुटल्यावर, वेगळ्या खोलीत, दार लावून. लहान मुलींना नको, पोरांना तर नकोच. पुढाऱ्यांनी मान हलवली. बायांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही मान हलवली. काहीच नसण्यापेक्षा बरं, असं मला वाटलं, आणि जिंकल्यासारखी घरी आले.

आई सुपात तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात चालूच होते.

"कोनती खोली?"

"रस्त्याकडची. तिच्याच दाराला कडी आहे."

"तिथून टपरी दिसते."

"दिसते."

"मंग टपरीवरूनही ते दार दिसत असन."

सूप थांबलं. "मी तुले झाकली म्हणून तू शिकली," ती म्हणाली. "आन तू आता त्यायले गावापुढं रांगेनं उभं करून राह्यली. कोन आत गेली ते पाह्यलं का झालं. ओटीचाही खर्च वाचला."

मी तिच्या हातातलं सूप घेतलं आणि उरलेली तूर पाखडली.

दुसऱ्या दिवसापासून गाव बदललं असं नाही, पण मला ते वेगळं दिसू लागलं. टपरीवर शनिवारची चौकशी होती. "किती जनी हायेत, मॅडम?" एकाने हसत विचारलं, जणू बस किती वाजता येते हे विचारावं. हातपंपावर बाया एकमेकींना नावं घेऊन सांगत होत्या, अमकीची बसणार, तमकीची नाही. ज्यांच्या मुली मोठ्या वर्गात होत्या त्या बाया गप्प होत्या.

आणि काकू शाळेत आली. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी.

"घ्या मॅडम, घरच्या हायेत. आमचीलेही पाठवू का शनिवारी?"

"तुमची मर्जी."

"नाही, तिचं काही झालं असन तं तुमाले मालूम असन. पोरी तुमालेच सांगतात. मले कायले लपवता? मी का दुश्मन हाये तिची?" ती मनापासून बोलत होती. तिच्या हिशेबी ती पोरक्या मुलीचं घर बसवत होती. मी शेंगा घेतल्या नाहीत. तिने त्या टेबलावर ठेवल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, बराच वेळ.

शुक्रवारी मुलगी माझ्याजवळ आली. "मॅडम, मी उद्या बसली तं काकूले समजते. नाही बसली तं तुमी शिकवान ते मले समजत नाही. काय करू?"

मी म्हणाले, "उद्या कोणीच बसणार नाही."

शनिवारी सकाळची शाळा. थंडी होती, तरी टपरीपुढे नेहमीपेक्षा जास्त माणसं उभी होती. मोटरसायकलही होती, आडवी लावलेली, आणि त्या माणसाचं तोंड त्या दाराकडे. शाळा सुटल्यावर पाच-सहा मुली वऱ्हांड्यात रेंगाळल्या, ओढण्या पुढे ओढून. मी खोलीची किल्ली खिशातून काढलीच नाही. "घरी जा," मी सगळ्यांना म्हटलं, "सगळ्या एकदम जा." मुली घोळक्याने रस्ता ओलांडून गेल्या. पलीकडून कोणीतरी शीळ घातली. मोटरसायकल चालू झाली आणि घोळक्याच्या मागे हळूहळू, चालत्या माणसाच्या चालीने, वस्तीच्या वळणापर्यंत गेली.

अध्यक्ष फाटकातच भेटले.

"तुमीच मागतलं, आन तुमीच पाठ फिरवली? लोक मले हसून राह्यले, मॅडम."

"बसवायच्या तर सगळ्या बसवा. पाचवीपासून. मुलंही."

"ते होत नाही. ठरलं ते ठरलं. पुढच्या शनिवारी नाही झालं, तं तुमच्या मानधनाचं समितीले पाहा लागन." फाटकाबाहेर पाऊल पडलं आणि त्यांचा सूर उतरला. "पोरी, तुह्या बापानं आमच्या घरी कधी उलटून उत्तर नाही देलं."

"सालाने ते होते, काका. मी नाही."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी बायांची वेगळी ग्रामसभा भरते. आमच्याकडे ती नावालाच. बाया यायच्या, सही किंवा अंगठा करायच्या, चहा पिऊन तुरीच्या कामाला जायच्या. सरपंचही बाईच, पण सभा चालवायचे त्यांचे मालक. त्या दिवशी आई माझ्याआधी जाऊन पहिल्या सतरंजीवर बसली होती. काकूही आली होती, दाराशी, बहिणीची सासू बसली होती तशीच.

मी सगळ्या मुलींना बसवायचं मांडलं. कोणी वर पाहिलं नाही. सरपंचबाईंचे मालक म्हणाले, "ते तं समितीत झालं आता. पुढचा विषय घ्या."

तेव्हा आई उठली. बाहेरच्या माणसांपुढे तिला बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, तुमी जरा बाहेर जाता का? बायायची सभा हाये."

ते हसले. मग कोणी हसत नाही हे पाहून उठले आणि बाहेर गेले.

"हे माही पोरगी," आई म्हणाली. "हिले सातवीत आली. मी दहावीपर्यंत कोनाले समजू देलं नाही. हिचे कपडे माहे म्हणून धुतले. माही मोठी तुमी सगळ्यायनं पाटावर बसवली, गूळ खाल्ला, आन ते आठवीतून गेली. तिची आज काय गत हाये ते तुमाले मालूम हाये. या धाकटीले मी झाकली, म्हणून हे शिकली. आता मले सांगा, त्या खोलीत कोन गेली ते टपरीवरचे मोजतीन. मंग कोन्या मायनं कोनाले झाकावं?"



"म्हंजे तुले दोनदा येत नव्हती?" हातपंपावरची ती शेजारीण म्हणाली.

"नाही व."

"आन मी तुले नर्सबाईकडं नेलं, गोळ्या घ्यायले, दोन कोस."

"गोळ्या कामी आल्या, बाई."

हसू फुटलं, आणि हसता हसताच कोणीतरी डोळे पुसले. मग एक बाई न उठताच म्हणाली, तिनेही झाकलं आहे. कोणाचं ते तिने सांगितलं नाही. दुसरी म्हणाली, "मंग सगळ्याच बसवा. पाचवीच्या बी."

"आन पोट्टे कायले?"

"उद्या नवरे तेच होतीन ना, बाई. त्यायलेही जरा अक्कल येऊ दे."

अध्यक्षांची बायको मागे बसली होती. ती शेवटी बोलली, अगदी हळू. "माहीलेही बसवा. पाचवीत हाये. मी घरी सांगते त्यायले." हात वर करायची वेळ आली तेव्हा दाराजवळची काकूची जागा रिकामी होती.

सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत पुढाऱ्यांनी विरोध केला, संस्कृतीचं म्हणाले, टपरीवरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष खाली पाहत बसले आणि बायांचं ठरलं तेच राहू द्या म्हणाले. त्या शनिवारी मी शाळेच्या मोठ्या खोलीत, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून, पाचवी ते आठवीच्या सगळ्या मुली आणि मुलं बसवली. फळ्यावर चित्र काढलं. मुलं आधी खिदळली, मग हळूहळू प्रश्न विचारू लागली. समोर मोटरसायकल उभी होती. तो माणूस धडा संपेपर्यंत पाहत राहिला. एवढ्या मुलींत कोण शहाणी आणि कोण नाही, हे त्याला तिथून कळायला मार्ग नव्हता.

काकूने घरी त्या मुलीला विचारलंच. ती म्हणाली, "सगळ्यायले शिकवलं, काकू. पाचवीच्यायलेही." तिच्यावर पाळत राहिली, तिचं अंथरूण तपासलं गेलं, गाडी येत राहिली. तिचे कपडे दहावीपर्यंत माझ्या आईच्या परकराखाली वाळले.

जूनमध्ये माझं मानधन थांबलं. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शेजारच्या गावच्या हायस्कुलात मला काम मिळालं. आठवीनंतर आमच्या गावच्या मुली तिथेच येतात, त्यामुळे नववीला ती पुन्हा माझ्यापुढे, पहिल्या बाकावर. तो माणूस परवा मला दुसऱ्या एका गावच्या शाळेसमोर दिसला. गाडी तशीच आडवी लावलेली, तसाच तिरपा बसलेला. त्या शाळेत तो धडा कसा शिकवतात, हे मी अजून जाऊन पाहिलेलं नाही. जाणार आहे.

आमच्या गावच्या शाळेत तो धडा आता दर वर्षी सगळ्यांना एकत्र शिकवला जातो. ती मुलगी दहावी पास झाली. यंदा ती वाशीमला अकरावीत आहे, विज्ञान शाखेत. तिची ओटी भरली गेली नाही.